निळ्या ट्रेमधला आरसा

आमच्या घरात निळ्या ट्रेमध्ये जे ठेवाल त्याला पॉलिश होतं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. कवळी ठेवा, ती चकचकीत. एकदा सासूबाईंनी घाईघाईत चष्मा ठेवला, तर तोही काड्यांसकट चकचकीत झाला आणि त्यातून दिसायचं बंद झालं. हा नियम आजेसासऱ्यांनी कवळ्यांचा कारखाना काढला तेव्हाचा. तो पाळायचं काम त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्या काकाआजोबांकडे. पंचाहत्तरीला टेकले तरी ट्रेमध्ये काय आहे हे ते बघतात, का आहे हे विचारत नाहीत. त्यामुळे त्या दिवशी चूक कोणाची झाली यावर आमच्याकडे अजून दोन तट आहेत, आणि मी दोन्हीकडे जेवते.

तेव्हा मी या घरात आले नव्हते, यायची होते. लंबूशी माझं लग्न ठरलेलं होतं. लंबू म्हणजे माझा नवरा. त्याला लंबू का म्हणतात हे तो आमच्या दारातून वाकून आत येतो तेव्हा कळतं. मी लिफ्ट दुरुस्त करते. त्या दुपारी एका दवाखान्यातली अडकलेली लिफ्ट सोडवून, हाताचं ग्रीस न पुसता मी तशीच त्यांच्याकडे गेले, कारण सासऱ्यांचा निरोप होता: "गच्चीवर तुमची खोली होणार. खिडकी कुठे हवी ते येऊन सांग. उद्या सकाळी गवंडी येतोय."

या खोलीवरून घरात काय महाभारत झालं ते सगळं सांगायला बसले तर रात्र जाईल. थोडक्यात सांगायचं तर नव्या जोडप्याला द्यायला घरात जागा दोनच: एक वरची गच्ची, दुसरी तळमजल्यावरची साच्यांची खोली. साच्यांच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टरचे जबडे. या कारखान्यात ज्याने ज्याने कवळी करून घेतली त्याच्या तोंडाचा साचा तिथे आहे. गिऱ्हाइकाची कवळी मोडली तर पुन्हा माप घ्यायला लागू नये म्हणून आजेसासऱ्यांनी ते ठेवायला सुरुवात केली. पुढे गिऱ्हाइकं देवाघरी गेली, साचे राहिले. त्यातला एकही टाकायला आजी तयार नव्हत्या. "ह्यांनी जपलेत," म्हणाल्या की विषय संपला. मग राहिली गच्ची.

आणि गच्चीवर होती आत्या.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. घरातले सगळे तिला ताई म्हणतात, आणि ती पन्नाशीच्या, मिशीवाल्या, कारखाना चालवणाऱ्या आपल्या भावाला बाळ म्हणते. कॉलेजात असताना ती आकाश बघणाऱ्या एका मंडळात जायची. कुठल्या तरी शाळेच्या मैदानावर चटया टाकून ही मुलं रात्ररात्र जागायची. एके वर्षी आजेसासऱ्यांचे हात थरथरायला लागले. मेणात दात लावायचं काम थरथरत्या हाताने होत नाही, म्हणून आत्या चार दिवसांसाठी म्हणून त्यांच्या स्टुलावर बसली. ते चार दिवस तीस वर्षं चालले. त्या वर्षी तिने, कोणालाही न विचारता, एका निवृत्त मास्तरांकडून त्यांची जुनी दुर्बीण विकत आणली. बादलीएवढी जाड, उंचीने आजींएवढी पांढरी नळी आणि तिच्या बुडाशी जेवणाच्या ताटलीएवढा गोल आरसा. दुर्बीण आली त्या दिवशी आत्या जिन्यावरून गाणं म्हणत उतरली, असं सासूबाई सांगतात. त्यांना आधी वाटलं रेडिओ लागलाय.

तर खोलीला विरोध आत्याचा आणि तिच्या बाजूने फक्त काकाआजोबा. लंबू कुठल्याच बाजूला नाही, बाकी सगळे खोलीच्या बाजूने. मीसुद्धा, खरं सांगायचं तर. गच्चीवरची खोली कोणाला नको असते!

शेवटी आत्यानेच तोडगा काढला होता. "गवंडी येऊ दे. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी वर यायचं आणि एकदा दुर्बिणीतून बघायचं. मग सांगा बांधायची का. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन, पुन्हा तोंड उघडणार नाही." सासऱ्यांनी लगेच शब्द दिला. बघून काय फरक पडणार, अशी त्यांची खात्री होती.

आता त्या दिवसाकडे येते. आरशावर मास्तरांच्या घरची धूळ होती. म्हणून आत्याने सकाळी तो नळीतून काढला, साबणाच्या पाण्यात हलकेच बुचकळून धुतला आणि वाळवायला जागा शोधायला लागली. आमच्या कारखान्यात प्लास्टरची भुकटी सगळीकडे असते, भाकऱ्या थापल्यावर पीठ उडतं तशी. धूळ नसलेली एकच जागा. निळा ट्रे. तिथे आरसा स्वच्छ फडक्यावर ठेवून ती एका दंतवैद्याकडे कवळी पोचवायला गेली. तीस वर्षं त्या घरात काम केलेली बाई! पण आनंदात होती ना. आनंदात माणसाला ट्रेचा रंग दिसत नाही.

मी कारखान्यात शिरले तेव्हा काकाआजोबा एकटेच होते. अंगात ॲप्रन, मनगट चोळत बसलेले, आणि तोंडावर असं हसू की जणू लॉटरी लागली.

"ये गं पोरी, ये! वेळेवर आलीस. हे बघ."

त्यांनी दोन्ही हातांनी काचेची एक जाडजूड चकती उचलून तोंडासमोर धरली. चकतीतून त्यांचं नाक दिसत होतं. मिशा दिसत होत्या. चष्मासुद्धा स्वच्छ दिसत होता.

"हे काय आहे, आजोबा?"

"ताईच्या दुर्बिणीचा आरसा! केवढा मळला होता म्हणून सांगू. जुन्या कवळीवर धरतो ना, तसा करडा थर. त्यावर ठिपके. मोटरच्या चाकावर बसेना, म्हणून हाताने केला. शेवटच्या हाताची पांढरी पावडर आणि कापूस. जेवलोसुद्धा नाही. पण बघ, थर सगळा निघाला. मागची बाजू खरबरीत आहे, तिला काही पॉलिश धरेना, ती ओली केली तेव्हा कुठे... हे बघ, आरपार दिसतंय!"

मला आकाशातलं काही कळत नव्हतं. पण आरसा आरपार दिसू नये एवढं लिफ्टवालीलाही कळतं. आमच्या लिफ्टमध्ये आरसे असतात.

"आजोबा," मी म्हटलं, "आरशात आपण दिसायला पाहिजे ना?"

"दिसतोय की. तू मला दिसतेस, मी तुला दिसतोय."

तेवढ्यात आत्या आली. हातात रिकामी पिशवी, पायात वारं भरलेलं. तिने काकांच्या हातातली चकती बघितली. मग निळा ट्रे बघितला. मग पुन्हा चकती. तिने ती हातात घेतली, डोळ्यांसमोर धरली, आणि तिच्यातून समोरची निळी भिंत बघत स्टुलावर बसली.

"काका," ती हळूच म्हणाली, "तो करडा थर होता ना..."

"पूर्ण काढला! एक कण ठेवला नाही."

"तो थरच आरसा होता, काका. ॲल्युमिनियमचा मुलामा. काच नुसती त्याला धरून ठेवायला असते."

काकाआजोबांच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच थोडा वेळ राहिलं, कारण त्यांना कळायला वेळ लागत होता. पुढे एकदा मला म्हणाले, "आयुष्यात एवढं मन लावून काम केलं नव्हतं बघ. भावाची कवळी केली तेव्हासुद्धा नाही." त्यांनी ॲप्रनची गाठ सोडली, ॲप्रन घडी करून मोटरवर ठेवला आणि उभे राहिले.

"मी तुझ्या बाजूचा होतो ना गं," ते म्हणाले. "सगळ्या घरात मी एकटाच तुझ्या बाजूचा."

हे ऐकून मलाच रडू यायला लागलं.

जिन्यावरून सासूबाई उतरत होत्या. आमच्या सासूबाई कवळ्यांच्या दातांचे रंग जुळवतात. माणसाच्या तोंडाकडे बघून त्याला कुठल्या पांढऱ्याचा दात शोभेल ते सांगतात. त्यांनी तिघांच्या तोंडाकडे बघितलं आणि काहीतरी बिनसलंय हे ओळखलं. काय झालं ते मी सांगितलं.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "मुलामा परत चढवता येतो का?"

"येतो," आत्या म्हणाली. "पाठवावा लागतो. महिना-दीड महिना."

"आणि गवंडी उद्या." सासूबाईंनी कमरेला पदर खोचला. खोली हवी म्हणून सगळ्यात जास्त भांडलेली बाई ती. खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा, तेही ठरवून बसलेली. पण त्यांचं म्हणणं असं की भांडण जिंकायचं तर नीट जिंकायचं. समोरच्याची दुर्बीण बिघडलीय म्हणून जिंकण्यात काय मजा? त्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडल्या, "अहो! खाली या! आणि येताना गवंड्याचा नंबर घेऊन या!"

सासरे आले. मागून लंबू आला, दारात वाकला. त्याच्या हाताला धरून आजी आल्या. पाच मिनिटांत सगळं घर त्या बारक्या कारखान्यात, मेणाच्या वासात, खांद्याला खांदा लावून उभं.

"गवंड्याला सांगा पुढच्या महिन्यात ये," सासूबाई म्हणाल्या.

"असं कसं सांगणार?" सासरे म्हणाले. "तो आता गेला तर वर्षभर हाताला लागत नाही. आणि ठरलं काय होतं? आज संध्याकाळी बघायचं. ताई, तूच म्हणालीस ना?"

"मीच म्हणाले, बाळ."

"मग? माझं काही चुकतंय का?"

"तुमचं काही चुकत नाही, हेच तर तुमचं कायमचं दुखणं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू सांग हिला!"

आजींनी नेहमीप्रमाणे मुलाची बाजू घेतली. "शब्द म्हणजे शब्द. आणि भाऊजी, तुम्ही तरी ट्रेमध्ये आहे काय ते बघायचंत."

"वहिनी, ट्रेमध्ये आहे म्हणजे पॉलिश! दादाचाच नियम आहे!" काकाआजोबा कळवळून म्हणाले. "उद्यापासून मी इथे बसणार नाही. झालं समाधान?"

"बाबा, एक महिन्याने काय बिघडतं?" लंबू म्हणाला. तो आजवर या भांडणात कुठल्याच बाजूला नव्हता. सासऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने कारखाना विकला.

"अरे, खोली तुझी, लग्न तुझं, आणि तूच फिरलास?"

सासरे मला नंतर म्हणाले की त्या क्षणी ते मनातून खूश होते. काम आपोआप झालं, आपल्याला वाईट व्हायला लागलं नाही. आणि लगेच बहिणीच्या मांडीवरची ती काच बघून स्वतःचाच राग आला, आणि तो राग लंबूवर निघाला. आमच्या घरात सगळ्यांचा राग लंबूवरच निघतो. तो उंच आहे, पटकन सापडतो.

सगळे एकदम बोलत होते. आणि त्या गोंगाटात आत्या हसायला लागली.

आधी बारीक. मग जोरात. मग स्टूल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाईचं डोकं फिरलं, असं आजींना वाटलं.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "ॲप्रन घाला. घाला म्हणते ना! अहो, आमच्या मंडळात एक सर होते, ते आरसे घासायचे. घरी, हाताने. घासून झाला की मुलामा चढवायच्या आधी तो नुसता काचेचा आरसा ते नळीत घालायचे आणि तपासून बघायचे. कशावर बघायचे सांगा?"

"तूच सांग," सासरे म्हणाले.

"चंद्रावर! चंद्राला इतका उजेड असतो की नुसती काचही पुरते! मुलामा असला तर उलट डोळे दिपतात!" ती उठून खिडकीशी पळाली, खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि किंचाळली. "आहे! आहे! अर्धा आहे!"

आम्ही सगळे खिडकीशी. समोरच्या इमारतीच्या टाकीवर, अजून उन्हं उतरायची होती तरी, चुन्याच्या पुसट डागासारखा अर्धा चंद्र होता.

"मला शनी दाखवायचा होता तुम्हाला," आत्या म्हणाली. "कडं दाखवायचं होतं. ते गेलं. पण हा राहिलाय. चला!"

"काच खराब नाही ना झाली घासून?" मी विचारलं.

आत्याने चकती उजेडाकडे तिरकी धरली. कवळीच्या टाळूवर बोट फिरवते तशी नजर फिरवली. "एक ओरखडा नाही," ती म्हणाली. "काका, एवढी काच घासलीत आणि एक ओरखडा नाही!"

"ओरखडा कसा राहील?" काकाआजोबा दुखावल्या आवाजात म्हणाले, आणि ॲप्रन पुन्हा बांधायला लागले.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. आरसा नळीत बसवायचा, नळी वर न्यायची. आरशामागे तीन स्क्रू असतात, ते थोडे थोडे फिरवून आरसा सरळ करावा लागतो, नाहीतर सगळं पसरट दिसतं. आत्या म्हणाली, "हे जमायला मला रात्र लागते." मी म्हटलं, "आत्या, मी आठ मजल्यांचे रूळ ओळंब्यात आणते, हे तीन स्क्रू काय आहेत?" आणि पाना काढला. तेव्हापासून आत्या मला सूनबाई न म्हणता पानेवाली म्हणते.

नळीचं एक टोक लंबूकडे, दुसरं सासऱ्यांकडे. हो, सासऱ्यांकडे. "शब्द दिलाय म्हणून उचलतोय," असं दर पायरीला सांगत होते. वळणावर लंबूचं डोकं आपटलं. आजींना मधल्या मजल्यावर दम लागला, तर सासूबाईंनी खुर्चीच वर चढवली आणि आजींना तिच्यावर बसवून पुन्हा उठवलं, पुन्हा बसवलं, असं करत वर आणलं. काकाआजोबा सगळ्यांच्या मागून, हातात कापूस घेऊन, कोणाचं बोट काचेला लागतंय का ते बघत.

गच्चीवर अजून उजेड होता. दोरीवर वाळत घातलेले ॲप्रन होते, ते सासूबाईंनी ओढून काढले. मी स्क्रू फिरवत होते, आत्या नळीवर डोळा लावून "थोडं डावीकडे, जरा जास्त झालं, मागे घे" करत होती. शेवटी तिने नळी चंद्राकडे वळवली आणि डोळा लावला.

बराच वेळ लावला.

"काय दिसतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"करडं," आत्या म्हणाली. "नुसतं करडं. कडेला काहीतरी फिकट आहे."

सासरे तिच्या जवळ गेले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, जाऊ दे," ते म्हणाले, आणि ते खरंच प्रेमाने म्हणाले. "तू केलंस तेवढं खूप केलंस. जाऊ दे आता."

आत्याचा चेहरा मी बघत होते. एका गच्चीसाठी माणसाचा चेहरा असा होतो हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या मनातली खिडकी त्याच क्षणी गेली. नको मला ती खोली, असं मी मोठ्याने म्हणणार होते, पण आजी मध्येच म्हणाल्या, "अरे, अजून दिवस आहे. दिवसा चांदणं दिसतं का कोणाला? अंधार तर पडू दे."

आजी! मुलाची बाजू सोडून! सासरे बघतच राहिले.

आम्ही थांबलो. सासूबाईंनी खालून चहा आणला. समोरच्या शिंप्याने गॅलरीतला दिवा लावला, तर लंबूने हात हलवून तो बंद करायला लावला. शिंप्याने का म्हणून विचारलं. "चंद्र बघायचाय!" म्हटल्यावर तो म्हणाला, "मग मलाही बोलवा." आकाश आधी जांभळं झालं, मग निळं, आणि तो चुन्याचा डाग हळूहळू पेटत गेला. आत्या उठली, नळीपाशी गेली, आणि वळून म्हणाली, "काका, पहिले तुम्ही."

"मी कशाला? मीच तर..."

"तुम्हीच. बाजूचं हे चाक हळूहळू फिरवा. कडा नीट दिसेपर्यंत."

काकाआजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला आणि चाक फिरवायला लागले. पॉलिशवाल्याचा हात तो. एवढं हळू, एवढं हळू. अचानक हात थांबला. ते हलेनात. श्वास घेतायत की नाही कळेना.

"काका, दिसतंय का?" आत्याने विचारलं.

"पोरी," ते म्हणाले, "हा बिनपॉलिशचाच ठेवलाय गं कोणीतरी."

"म्हणजे दिसतोय?"

"दिसतोय म्हणजे! खडबडीत आहे नुसता! खड्डे! डोंगर! सावल्या पडल्यात सावल्या!" आणि ते नळी सोडून गच्चीभर नाचायला लागले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, ॲप्रन घातलेला, हातात कापूस. "वहिनी, या! या लवकर!"

पण मध्ये सासूबाई घुसल्या. "थांबा हो, मला बघू दे. अरे देवा! अरे देवा! रंग काय म्हणायचा हा? लांबून पांढरा वाटतो, पण पांढरा नाही. साठीच्या माणसाला शोभेल असा आहे, जरासा राखी. आणि हे एवढं स्पष्ट! अहो, तुम्ही बघा ना!"

सासरे पुढे झाले. मिशी आवरून, खाली वाकून, दिलेला शब्द पाळायला म्हणून त्यांनी डोळा लावला. आमच्या कारखान्यात सासरे प्लास्टर ओततात. साचा ओतल्यावर तो टेबलावर आपटून आपटून आतला हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढायचा, हे त्यांचं काम. बुडबुडा राहिलेला साचा दिसला तर त्यांना जेवण जात नाही.

"शी!" सासरे म्हणाले.

आत्या घाबरली. "काय झालं, बाळ?"

"बुडबुडे! किती बुडबुडे राहिलेत! ताई, हे ओतलंय कोणी? आपटलंच नाही! आणि खालच्या बाजूला तर बघ, बुडबुड्यात बुडबुडा, त्याच्या आत आणखी एक..." त्यांचा आवाज चढत गेला आणि मग एकदम पडला. "अगं... हे एवढं वर आहे? रोज? आपल्या डोक्यावर?"

"रोज नाही. पण बऱ्याचदा."

"आणि हा सरकतोय. ए, पळतोय! पळाला!"

"तो पळत नाही रे, आपण फिरतोय. पृथ्वी फिरते ना. नळी थोडी सरकव."

सासरे सरळ उभे राहिले. "आपण एवढ्या जोरात फिरतोय," ते चिडून म्हणाले, "आणि मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही?"

आजींना हसू आवरेना. त्यांनी बघितलं आणि "हा उलटा आहे!" म्हणाल्या, आणि उलटा का ते आत्या सांगायला लागली तेव्हा त्या इतक्या हसल्या की वरची कवळी सुटली. आमच्याकडे हसताना कवळी सुटणं म्हणजे कारागिराची अब्रू गेली. पण सासऱ्यांचं, म्हणजे त्या कवळीच्या कारागिराचं, तिकडे लक्षच नव्हतं. ते पुन्हा रांगेत उभे होते. हो, रांग लागली होती. लंबू गुडघ्यावर बसून बघत होता, त्याच्यामागे मी, माझ्यामागे सासरे, त्यांच्यामागे सासूबाई, आणि वरती आलेला शिंपी. आणि प्रत्येकजण म्हणत होता, आवर की लवकर, किती वेळ, तुझं झालं ना आता.

माझी पाळी आली तेव्हा मी काय बघितलं ते मला सांगता येत नाही. मी फक्त "ओ!" म्हटलं, आणि लंबूचा हात इतका जोरात दाबला की ग्रीस त्याच्या बाहीला लागलं.

सासऱ्यांची दुसरी पाळी चालू असताना सासूबाईंनी विचारलं, "अहो, मग गवंड्याचं काय?"

"कुठला गवंडी?" सासरे नळीतून डोळा न काढता म्हणाले.

"उद्या सकाळी येणारा. खोली बांधायला."

"खोली? गच्चीवर? वेड लागलंय का तुला? आणि हा बघायचा कुठून, मोरीतून?"

"मग पोरं राहणार कुठे?"

सगळे आजींकडे बघायला लागले, कारण उत्तर एकच होतं आणि ते त्यांच्याकडे होतं. आजींनी कवळी नीट बसवली. त्या दुर्बिणीकडे बघत नव्हत्या, आत्याकडे बघत होत्या. आत्या कठड्याला टेकून उभी होती, केस सुटलेले, हाताला प्लास्टर, आणि तोंडभर हसत होती.

"तीस वर्षं झाली, हिला असं हसताना पाहिलं नव्हतं मी," आजी म्हणाल्या. "मला वाटायचं, ही अशीच आहे. गंभीर." "साच्यांची खोली रिकामी करा. मेलेल्या माणसांचे जबडे घेऊन मी काय करणार? ह्यांना मी सांगेन काय ते."

"आई!" आत्या म्हणाली.

"रडू नकोस, मला रडवशील आणि पुन्हा कवळी सुटेल."

पण आत्या रडलीच. रडली, हसली, काकांच्या गळ्यात पडली, मग सासूबाईंच्या पडली, शिंप्याच्याही पडणार होती पण मध्येच भानावर आली. मग डोळे पुसून नळीकडे आली आणि भावाच्या पाठीवर टकटक केलं.

"बाळ, सरक जरा. मी अजून बघितलंच नाही."

"काय?" सगळे एकदम म्हणाले.

"खरंच. मघाशी करडंच दिसलं होतं. मग काकांना दिलं, आणि तुम्ही मला जवळच येऊ दिलं नाहीत."

सासऱ्यांनी डोळा तसाच नळीला लावून ठेवला आणि एक हात मागे करून रांगेकडे बोट दाखवलं.

"नंबराने ये, ताई. इथे सगळे कधीपासून उभे आहेत."

आत्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि गेली. शिंप्याच्या मागे, रांगेच्या अगदी शेवटी, दोन्ही हात पाठीशी बांधून उभी राहिली, आणि तिच्याएवढं खूश त्या रांगेत कोणी नव्हतं.